बोनहोफर हे जर्मन आडनाव: उगम, लेखन आणि प्रसार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत फासावर गेलेल्या डीट्रिख बोनहोफर या धर्मशास्त्रज्ञामुळे हे आडनाव जगभर पोहोचले. ते नाव ओळखीचे झाले, पण ते आडनाव लावणारी माणसे प्रत्यक्षात फार थोडी आहेत. वाचकांकडून या आडनावाविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे, असा क्रम ठेवला असून एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बोनहोफर हे आडनाव मुळात जर्मनच आहे का?

आजचे रूप जर्मन आहे, मूळ मात्र ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातले, म्हणजे आजच्या नेदरलँड्समधले आहे. हे घराणे नायमेखन या गावचे असून तेथे त्याचे नाव ‘वान देन बूनहोफ’ असे होते. १५१३ मध्ये ते दक्षिण जर्मनीतील श्वेबिश हाल या शहरात येऊन स्थायिक झाले. या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर आहे.

येथे आजच्या सीमा डोक्यात ठेवून विचार केला तर गफलत होते. १५१३ मध्ये नायमेखन गेल्डर्न या डचीत, म्हणजे ड्यूकच्या राज्यात, होते आणि ती डची, श्वेबिश हालप्रमाणेच, पवित्र रोमन साम्राज्याचा भाग मानली जात असे. नेदरलँड्सचे स्वातंत्र्य १६४८ मध्ये मान्य झाले. त्यामुळे ‘डच घराणे जर्मनीत स्थलांतरित झाले’ असे म्हणण्यापेक्षा ‘एका साम्राज्याच्या वायव्य टोकाचे घराणे त्याच साम्राज्याच्या नैर्ऋत्य भागातील एका स्वतंत्र शहरात गेले’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरते.

२. या आडनावाचा अर्थ काय?

‘बून’ म्हणजे शेंगेचे कडधान्य आणि ‘होफ’ म्हणजे शेतवाडी किंवा वाडा. ‘वान देन बूनहोफ’ म्हणजे शेंगांच्या मळ्यावरचा माणूस. घराण्याचे कुलचिन्हही हाच अर्थ सांगते: निळ्या पार्श्वभूमीवर एक सिंह असून त्याच्या पंजांत शेंगेचा वेल आहे. नावाचा अर्थ चित्रातून बोलून दाखवणारी अशी कुलचिन्हे युरोपात पुष्कळ आढळतात, परंतु त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करताना थोडे सावध राहावे लागते, कारण नावाचा मूळ अर्थ विसरला गेल्यावर नुसत्या उच्चारावरून चित्र रचल्याची उदाहरणेही कमी नाहीत. येथे मात्र जुने डच रूप आणि चित्र परस्परांना पूरक असल्याने शंकेला फारशी जागा उरत नाही.

ही शेंग कोणती, हाही प्रश्न येतो. आज जर्मनीत त्या शब्दाने ज्या शेंगा बहुधा डोळ्यांसमोर येतात त्या, म्हणजे राजमा आणि श्रावण घेवड्याच्या जातीच्या, अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात पसरल्या. त्याआधी पडलेल्या नावातील शेंग ही जुन्या जगातील बाकल्याचीच असणार.

३. ‘वान देन बूनहोफ’चे ‘बोनहोफर’ कसे झाले?

यात तीन बदल आहेत आणि तिन्ही दक्षिण जर्मनीच्या भाषिक सवयींतून आलेले आहेत.

पहिला बदल म्हणजे ‘वान देन’ गळून पडणे. स्थलवाचक नावापुढे ‘वान’ लावण्याची रीत उत्तर-पश्चिमेकडची असून दक्षिणेत सामान्य नागरिकांच्या नावांत ती टिकली नाही. दुसरा बदल म्हणजे शेवटी ‘-अर’ हा प्रत्यय लागणे. मराठीत गावाच्या नावाला ‘-कर’ लागून आडनाव होते, नेमके तेच काम दक्षिण जर्मनीत हा प्रत्यय करतो. उत्तरेकडे ज्या माणसाला नुसते ‘होफ’ किंवा ‘वान होफ’ म्हटले असते, त्याला दक्षिणेत ‘होफर’ म्हणतात. तिसरा बदल स्वराचा आहे: हा प्रत्यय लागताना आधीचा ‘ओ’ अनेकदा पुढे सरकतो आणि जर्मन लिपीत त्यावर दोन टिंबे येतात. मूळच्या ‘होफ’मध्ये लिहिला जाणारा दुहेरी ‘फ’ तेवढा तसाच राहिला, आणि तो आजही या नावाच्या उत्तरेकडील मुळाची खूण म्हणून दिसतो. अस्सल दक्षिणी नावांत तेथे बहुधा एकच ‘फ’ असतो.

हे सगळे कोणी ठरवून केले नाही. लेखनिक ऐकू येईल तसे आणि आपल्या सवयीप्रमाणे लिहीत असे, आणि आडनावाचे एकच अधिकृत लेखन असावे ही कल्पनाच त्या काळी रूढ नव्हती. ती कधी रूढ झाली, याविषयी प्रश्न ६ पाहावा.

४. ‘वान देन’ असल्याने हे सरदार घराणे होते, असे समजावे का?

नाही. जर्मन नावांतील ‘फोन’ पुष्कळदा उमरावपद दाखवते, म्हणून हा समज होतो. पण डच ‘वान’ फक्त ठिकाण सांगते आणि शेतकरी, कारागीर, व्यापारी अशा कोणाच्याही नावात ते असू शकते. श्वेबिश हालमध्ये आलेले बोनहोफर सोनार होते. हे शहर त्या काळी मिठाच्या उत्पन्नावर आणि ‘हेलर’ या नाण्याच्या टांकसाळीवर भरभराटीला आलेले होते, त्यामुळे सोनाराला तेथे काम मिळण्यासारखे होते. पुढच्या पिढ्यांत घराण्यातून धर्मोपदेशक, वैद्य, नगरपालिकेतील सभासद आणि नगराध्यक्ष झाले. श्वेबिश हालच्या सेंट मायकेल चर्चमध्ये त्यांची स्मृतिफलके आहेत. प्रतिष्ठा होती, पण ती शहरी नागरिकाची, सरदाराची नव्हे.

५. उच्चार नेमका कसा करावा आणि मराठीत कसे लिहावे?

पहिला ‘बो’ दीर्घ आणि त्यावर आघात. दुसऱ्या अवयवातील स्वर मराठीत नाही: जीभ ‘ए’ म्हणताना असते तेथे ठेवून ओठ ‘ओ’सारखे गोल केले, तर तो साधतो. शेवटचा ‘र’ स्पष्ट उच्चारला जात नाही. मराठीत ‘बोनहोफर’ किंवा ‘बॉनहोफर’ लिहिलेले आढळते. पहिला स्वर दीर्घ असल्यामुळे ‘बोनहोफर’ अधिक जवळचे वाटते. इंग्रजी अक्षरांकडे पाहून केलेले ‘बोनहोएफर’ हे लेखन मात्र टाळावे, कारण त्या जोडीतील ‘ओ’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे मिळून एकच स्वर दाखवतात.

६. दोन अक्षरांनी लिहिलेले आणि टिंबे देऊन लिहिलेले बोनहोफर ही एकच नावे आहेत का?

उगमाच्या दृष्टीने एकच, कायद्याच्या दृष्टीने वेगळी. जर्मन भाषेत हा स्वर टिंबे देऊनही लिहिता येतो आणि ‘ओ’पुढे ‘ई’ अक्षर लिहूनही, आणि जुन्या कागदपत्रांत एकाच माणसाचे नाव दोन्ही पद्धतींनी सापडते. एपिक्टीटस या स्टोइक तत्त्वज्ञावरील १८९० च्या महत्त्वाच्या ग्रंथावर लेखक आडोल्फ बोनहोफर यांचे नाव टिंबांसह छापलेले आहे, तर बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल बोनहोफर (१८६८–१९४८) आणि त्यांचे पुत्र डीट्रिख दोन अक्षरांनी लिहीत.

१ जानेवारी १८७६ पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली आणि आडनावांचे लेखन गोठले. त्या वेळी नोंदवहीत जे रूप लिहिले गेले, तेच वंशजांना लागले. त्यामुळे आजच्या जर्मनीत ही दोन रूपे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत, जसे महाकवी गटे यांचे आडनाव टिंबे देऊन लिहिणे चूक मानले जाते. शोध घेणाऱ्याने मात्र दोन्ही रूपे, शिवाय एकाच ‘फ’चे आणि टिंबाविना असलेले रूपही तपासावे. पारपत्राच्या यंत्रवाचनीय ओळीत टिंबांचे आपोआप दोन अक्षरांत रूपांतर होते, त्यामुळे परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या कागदांवरून मूळ रूप कोणते होते हे सांगता येत नाही.

७. आज जर्मनीत किती बोनहोफर आहेत?

फार थोडे. नेमका आकडा देणारी कोणतीही सार्वजनिक यादी जर्मनीत नाही, कारण रहिवाशांच्या नोंदी स्थानिक पातळीवर ठेवल्या जातात आणि त्या खुल्या नसतात. आडनावांचे संशोधक म्हणून एक आडवाट घेतात: २००५ सालच्या दूरध्वनी नोंदी. फ्रायबुर्ग आणि माइन्झ या विद्यापीठांनी तयार केलेला जर्मन आडनावांचा सात खंडांचा नकाशासंग्रह (२००९–२०१८) याच नोंदींवर उभा आहे. २००५ हे वर्ष निवडण्याचे कारण असे की त्यानंतर लोकांनी घरचे दूरध्वनी सोडून मोबाइल घेतले आणि नंतरच्या याद्या विश्वासार्ह राहिल्या नाहीत.

त्या नोंदींत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावे आढळतात. म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर यांसारखी मूठभर आडनावे लाखो लोक लावतात, आणि उरलेल्यांपैकी बहुसंख्य आडनावे अगदी मोजक्या कुटुंबांची असतात. म्हणजे एखादे आडनाव दुर्मीळ असणे ही जर्मनीत दुर्मीळ गोष्ट नाही. ते दुर्मीळ असून सर्वांना माहीत असणे, हे बोनहोफरचे वेगळेपण आहे.

८. आडनावांच्या नकाशावर बोनहोफर विखुरलेले का दिसतात? एका भागात दाट का नाहीत?

आडनावांचे नकाशे वाचताना सर्वाधिक चुका होतात त्या येथे. म्युलरसारखे नाव अनेक गावांत स्वतंत्रपणे पडले, त्यामुळे त्याचा नकाशा भाषा आणि व्यवसाय यांविषयी काही सांगतो. मध्यम दुर्मीळ नावाचा नकाशा बहुधा उगमाच्या गावाभोवती दाट असतो, कारण शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिली. पण एकाच घराण्याचे, आणि तेही शिकलेल्या, बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्या घराण्याचे नाव घेतले, तर नकाशावर उमटतात त्या केवळ त्या घराण्यातील माणसांच्या नेमणुका.

बोनहोफरांचेच पाहावे. कार्ल यांचे वडील उल्म येथे न्यायाधीश होते. स्वतः कार्ल व्युर्टेम्बर्गमधील नेरेसहाइम येथे जन्मले, ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले आणि १९१२ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आले. डीट्रिख यांचा जन्म १९०६ मध्ये ब्रेस्लाऊ येथे झाला तो वडिलांच्या नोकरीमुळे. त्यावरून हे सायलेशियातले, म्हणजे ब्रेस्लाऊ ज्या प्रांतात होते तेथले, आडनाव आहे असे कोणी म्हटले तर ते सपशेल चुकेल. थोरले बंधू कार्ल-फ्रीडरिख (१८९९–१९५७) हे रसायनशास्त्रज्ञ गटिंगेनला स्थिरावले, आणि त्यांचे पुत्र फ्रीडरिख (१९३२–२०२१) हे मज्जाजीवशास्त्रज्ञ ट्युबिंगेनला. शिवाय ब्रेस्लाऊ १९४५ नंतर पोलंडमध्ये गेले आणि त्याचे व्रोत्स्वाफ झाले, त्यामुळे आजच्या जर्मनीचा नकाशा त्या शहरातील वास्तव्य मुळीच दाखवत नाही. अशा नावाच्या बाबतीत नकाशापेक्षा कुलवृत्तांत उपयोगी पडतो.

९. मग जर्मनीत जिकडेतिकडे बोनहोफर हे नाव का दिसते?

ते माणसांचे नसून रस्त्यांचे, शाळांचे, चर्चच्या सभागृहांचे असते. युद्धानंतर दोन्ही जर्मनींत आणि एकीकरणानंतरही डीट्रिख यांचे नाव असंख्य ठिकाणांना दिले गेले. बर्लिनच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाला मात्र त्यांच्या वडिलांचे, म्हणजे तेथील मनोरुग्णालयाला दिलेले, नाव आहे. संगणकावर नुसते आडनाव टाकून मिळणारे निकाल मोजून नावाचा प्रसार ठरवणाऱ्यांची फसगत यामुळेच होते.

विज्ञानातही हे नाव फिरते. मज्जातंतूतील विद्युत्स्पंदनांचे जे गणिती प्रारूप रिचर्ड फिट्झह्यू यांनी १९६१ मध्ये मांडले, त्याला त्यांनी बोनहोफर–वान देर पोल असे नाव दिले होते. यातले बोनहोफर म्हणजे रसायनशास्त्रज्ञ कार्ल-फ्रीडरिख. एका डच आडनावाशी त्यांचे नाव असे पुन्हा जोडले जावे, हा निव्वळ योगायोग, पण गमतीचा.

१०. बोनहोफ, बोनहोफ्फ, बोनहोफर, बोनर: ही सगळी एकाच घराण्याची आडनावे समजावीत का?

नाही. शेंगांची लागवड होणारी शेतवाडी ही काही एकाच गावाची मक्तेदारी नव्हती. ‘बोनहोफ’ या रूपाची नावे उत्तर आणि पश्चिम जर्मनीत स्वतंत्रपणे पडू शकतात आणि पडली आहेत. प्रसिद्ध उदाहरण फुटबॉलपटू रायनर बोनहोफ यांचे. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध गेर्ड म्युलर यांनी केलेल्या विजयी गोलसाठी चेंडू पुरवणारे ते हेच. त्यांचा जन्म डच सीमेलगतच्या एमेरिख येथे झाला, आणि ते गाव नायमेखनपासून फार दूर नाही. त्या परिसरात या रूपाचे आडनाव असणे अपेक्षितच आहे. पण पाचशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडे गेलेल्या सोनारांशी त्यांचे नाते जोडायला नामसाम्य पुरेसे नाही.

‘बोन’ आणि ‘बोनर’ यांचा विचार तर आणखी वेगळा करावा लागतो. तेथे शेंगा पिकवणारा किंवा विकणारा असा अर्थ बहुतेकदा लागतो, आणि काही ठिकाणी ‘बॉन’ या शहराचा संबंधही संभवतो. दुहेरी ‘फ’, बदललेला स्वर आणि शेवटचा ‘-अर’ ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तेव्हाच श्वेबिश हालच्या घराण्याकडे पाहावे.

११. म्हणजे खरे बोनहोफर सगळे एकमेकांचे नातलग आहेत?

प्रश्न १० मधील तिन्ही लक्षणे असलेल्या रूपापुरते बोलायचे, तर एकाच उगमाची शक्यता फार मोठी आहे, कारण उत्तरेचे मूळ आणि दक्षिणेचे प्रत्यय यांचा हा मेळ सहजासहजी दोनदा घडणारा नाही. परंतु आडनाव एक म्हणजे रक्त एक, असे समीकरण मांडू नये. दत्तकविधान, विवाहबाह्य संततीला मिळालेले आईचे आडनाव, आणि १ जुलै १९७६ पासून कायद्याने शक्य झालेली पत्नीचे आडनाव कुटुंबाचे आडनाव म्हणून स्वीकारण्याची रीत, या तिन्ही मार्गांनी आडनाव वंशवृक्षाच्या पुरुषशाखेबाहेर जाते.

१२. हे ज्यू आडनाव आहे का?

नाही. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर श्वेबिश हाल ल्यूथरपंथी झाले आणि घराणेही त्याच पंथाचे राहिले. नाझींनी या कुटुंबावर अत्याचार केले म्हणून हा समज होतो, पण त्यामागचे कारण राजकीय प्रतिकार हे होते. डीट्रिख यांची जुळी बहीण साबिने हिचे पती गेरहार्ड लाइबहोल्झ ज्यू वंशाचे होते आणि त्यांना १९३८ मध्ये देश सोडावा लागला, एवढाच या कुटुंबाचा थेट संबंध आहे.

१३. कार्ल बोनहोफर यांना आठ अपत्ये होती. तरी त्यांचे आडनाव इतके कमी का पसरले?

आठांपैकी चार मुलगे. वाल्टर पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये अविवाहित असताना मरण पावले. डीट्रिख यांचा मारिया फोन वेडेमायर यांच्याशी वाङ्‌निश्चय झाला होता, पण विवाह होण्यापूर्वीच त्यांना फाशी झाली. क्लाउस या वकील बंधूंना युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत, एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना अपत्ये होती. चौथे कार्ल-फ्रीडरिख. म्हणजे आडनाव पुढे गेले ते फक्त दोन शाखांतून.

चारही मुलींची संतती वडिलांच्या आडनावाने वाढली, कारण त्या काळच्या जर्मन कायद्यात दुसरा पर्याय नव्हता. त्यामुळे हाम्बुर्गचे माजी महापौर क्लाउस फोन डोनान्यी आणि त्यांचे बंधू, संगीतसंचालक क्रिस्टोफ फोन डोनान्यी, हे कार्ल यांचे नातू असूनही आडनावाच्या कोणत्याही मोजणीत बोनहोफर म्हणून येत नाहीत. क्लाउस आणि डीट्रिख यांच्याबरोबर कार्ल यांचे दोन जावई, हान्स फोन डोनान्यी आणि र्‍युडिगर श्लायशर, हेही राजवटीने मारले. वंशाचा विस्तार आणि आडनावाचा विस्तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुर्मीळ आडनावांबाबत हा फरक विशेष मोठा असतो.

१४. माझ्या पूर्वजांत बोनहोफर आडनावाची व्यक्ती आहे. शोध कोठून सुरू करावा?

जवळच्या पिढीपासून मागे जावे. १५१३ पासून पुढे येण्याचा मोह टाळावा. १८७६ नंतरच्या घटनांसाठी त्या त्या गावातील नागरी नोंदणी कार्यालय असते. तेथे जन्मनोंद ११० वर्षे, विवाहनोंद ८० वर्षे आणि मृत्यूनोंद ३० वर्षे बंद राहते आणि या काळात थेट वंशज, पती-पत्नी असे निकटचे नातलगच ती मागू शकतात. मुदत संपली की नोंदी स्थानिक अभिलेखागारात जातात आणि कोणालाही पाहता येतात.

त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या हेच मुख्य साधन आहे. व्युर्टेम्बर्गच्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा आर्किओन या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात. जुने जर्मन हस्ताक्षर वाचता येणे आवश्यक आहे, आणि ते शिकायला काही महिने द्यावे लागतात. पहिल्या महायुद्धातील सैनिकांपैकी कोणी असेल, तर जर्मन हताहतांच्या छापील याद्या नावानुसार शोधता येतात. त्यांत बहुधा जन्मगावही दिलेले असते, आणि दुर्मीळ नावाच्या शोधात ते फार मोलाचे ठरते. नावाची सगळी रूपे तपासण्याची सूचना प्रश्न ६ मध्ये दिलीच आहे.

१५. महाराष्ट्राशी या आडनावाचा काही संबंध आहे का?

घराण्याचा नाही, एका पत्रव्यवहाराचा आहे. डीट्रिख बोनहोफर लंडनमध्ये जर्मन मंडळींचे पाद्री असताना त्यांना गांधीजींच्या आश्रमात राहून अहिंसक प्रतिकाराचा अभ्यास करायचा होता. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी गांधीजींना त्यांच्याविषयी लिहिले, आणि १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने गांधीजींनी त्यांना येण्याचे निमंत्रण दिले. गांधीजींचे वास्तव्य तेव्हा वर्ध्याकडे वळले होते. १९३५ मध्ये बोनहोफर जर्मनीत परतले आणि तेथील पाद्री-प्रशिक्षणाच्या कामात गुंतले, त्यामुळे हा प्रवास घडला नाही. मराठी वाचकांना हे आडनाव बहुधा याच संदर्भात प्रथम भेटते, म्हणून प्रश्नाची नोंद घेतली. उगमाच्या चर्चेत त्याला स्थान नाही.

१६. जर्मनीत कोणी हे आडनाव नव्याने धारण करू शकतो का?

विवाहाने किंवा दत्तकविधानाने करू शकतो. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार पती-पत्नी दोघांची आडनावे जोडून कुटुंबाचे जोडआडनावही घेता येते, त्यामुळे यापुढे बोनहोफर हे जोडनावाचा अर्धा भाग म्हणून अधिक वेळा दिसू शकेल आणि मोजणीचा प्रश्न आणखी किचकट होईल.

केवळ आवडले म्हणून आडनाव बदलता येत नाही. प्रशासकीय मार्गाने बदल हवा असेल तर महत्त्वाचे कारण दाखवावे लागते. म्युलर किंवा श्मिटसारख्या अतिसामान्य नावामुळे होणारा घोटाळा हे मान्य कारण आहे. परंतु त्या जागी एखाद्या प्रसिद्ध घराण्याचे, ओळखीचे आडनाव मागितले तर ते सहसा मंजूर होत नाही. ज्यांचे जन्मनाव बोनहोफर होते आणि विवाहात ते सुटले, त्यांना घटस्फोटानंतर किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर नोंदणी कार्यालयात साधे निवेदन देऊन ते परत घेता येते.